दीडपट रवी

१६ मार्च, रविवार. सकाळी आठ.

राहुरीच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा आवळला आणि आकडा सांगितला, एकशे ऐंशी. राग करायचा नाही म्हणाला. मी म्हटलं, मी कुठं राग करते, लोकच मार खाण्यासारखं वागतात. त्यानं गोळी वाढवली.

घरी आल्यावर पूजानं, म्हणजे नातीनं, फोनमध्ये हे माइकचं बटण दाखवलं. बोललं की फोन लिहितो. कुणाला बडवावंसं वाटलं की बडवायचं नाही, इथं बोलायचं, असं तिचं म्हणणं. मला अक्षरओळख नाही. त्यामुळं ही वही एकदम सुरक्षित. जिची आहे तिलाच वाचता येत नाही, तर चोरानं काय वाचावं.

संकल्प: यात्रा होईपर्यंत कुणावर हात उचलायचा नाही. आवाज चढवायचा नाही. कुणाच्या कामात नाक घालायचं नाही.

साडेआठ. गल्लीपलीकडच्या केशरबाईचा कोंबडा आमच्या मेथीत. खराटा फेकला. खराटा म्हणजे हात नव्हे.

१७ मार्च, सोमवार.

यात्रा कमिटीची मीटिंग. दरवर्षी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हंगामा भरतो. आजवर जोडी मैदानातच लागायची. सहादेवआबा दोन पैलवान शेजारी उभे करायचा, मनगटं चाचपायचा, मानेवर थाप मारायचा आणि म्हणायचा, जोड. चाळीस वर्षं त्याचं कुणी खोटं पाडलं नाही. पण आता त्याचे गुडघे गेले. म्हणून यंदा वेबसाइट. पैलवानांनी फोटो पाठवायचे, सहादेवआबा घरी बसून जोडी ठरवणार आणि पत्रिकेत आधीच छापणार.

वेबसाइट पूजा करणार. तिचं ऑफिस नगरला सावेडीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं, पूजावर माझी देखरेख राहील. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. म्हणजे ठराव पास.

आमचा नातू रवी यंदा पहिल्यांदा मोठ्या कुस्त्यांत उतरतोय. एकोणीस वर्षांचा, वजन साठ-एकसष्ट, बोलणं फुकट घालवत नाही. त्याची जोड केशरबाईच्या नातवाशी, वाल्मिकशीच लागणार, हे सगळं गाव जाणतं. दोघं एकाच मापाचे. वाल्मिकला आपटला की केशरबाई आपोआप आपटली. मग कोंबडा मेथीत येऊन दाखवू दे.

१९ मार्च, बुधवार.

फोटो यायला लागले. एक जण बुलेटवर बसलाय, एकाची नुसती मिशी, एकानं अख्खं लग्न पाठवलंय आणि पैलवान शोधा म्हणतोय. कुणाचा फोटो पानभर, कुणाचा टिकलीएवढा. पूजानं त्यासाठी जावास्क्रिप्ट लिहिली. फोटो आला की ती त्याची लांबी-रुंदी मोजते आणि सगळे एका उंचीचे करते, पण कुणी चपटा होऊ नये अशा बेतानं.

मला लगेच समजलं. पूजाला म्हटलं, एवढंच होय. ती म्हणाली, एवढंच नाही. फोटो पुरता उतरायच्या आधीच मोजलं तर माप चुकतं. म्हणजे नवरदेव यायच्या आधी सदऱ्याचं माप घेण्यातला प्रकार. थांबायला पाहिजे. मी म्हटलं, मग थांबव की. ती म्हणाली, थांबव म्हणून सांगितलंय, पण सगळे ब्राऊझर ऐकत नाहीत.

न ऐकणाऱ्याला काय करायचं ते मला विचारायला हवं होतं. लॅपटॉपला एक चापट मारली. हळूच. आता त्याचं एक बटण चिकटतंय, ते आधीपासूनच चिकटत असणार.

२२ मार्च, शनिवार.

ब्राऊझर म्हणजे सुना. पीठ एकच, तवा एकच, पण एकीची भाकरी गोल, दुसरीची तालुक्याच्या नकाशासारखी. हे मी पूजाला सांगितलं. आमची सून स्वयंपाकघरात होती, तिनं परात आपटली. तिला कम्प्युटरमधलं कळत नाही.

रवी तालमीतून आला तो कान फाटून. मानेवरनं रक्त मातीत कालवलेलं. वस्तादानं त्याला चार जणांशी लागोपाठ धरायला लावलं होतं. हळद भरताना विचारलं, तू किती जणांना रडवलंस. म्हणाला, दोन. मी दुसरा कान पिळला. प्रेमानं.

२५ मार्च, मंगळवार. संध्याकाळी.

आज देवळासमोर मारामारी झाली. मी शांत होते, हे आधी नोंदवते.

कमिटीनं सगळ्यांना आपापल्या फोनवर साइट उघडायला सांगितली. आयफोनवाल्यांकडं पैलवान उभे ताणलेले, काकडीसारखे. ग्रामपंचायतीच्या कम्प्युटरवर तेच पैलवान आडवे, जात्यासारखे. पूजाच्या लॅपटॉपवर सगळे नीट. एकानं दुसऱ्याला फोन दाखवून विचारलं, हा तुझा पुतण्या का पाट्याचा वरवंटा. दुसऱ्यानं त्याच्याच फोननं त्याच्या कपाळावर टेंगूळ आणलं. मग आयफोनवाले एकीकडं, साधे फोनवाले दुसरीकडं. खुर्च्या उडाल्या. प्रसादाचं पातेलं उपडं झालं. एकाचा पुढचा दात शिऱ्यात सापडला.

पूजा बाकावर चढून सांगत होती की फोटो बरोबर आहेत, फक्त प्रत्येक ब्राऊझर रुंदी आपल्या मनानं धरतो, मी उद्या दुरुस्त करते. कुणी ऐकेना. मी तिचं लोकांना ऐकू यावं म्हणून जागा करून दिली. जागा करताना केशरबाईच्या पायावर माझी काठी पडली. दोनदा.

तिनं माझा अंबाडा ओढला. तोही शांतपणे सहन केला. तिचे केस माझ्या हातात कसे आले, ते देवाला माहीत.

२८ मार्च, शुक्रवार.

पूजानं तीन दिवस खपून काकड्या आणि जाती दोन्ही घालवली. आता सगळे एका उंचीचे.

हेच तर चुकलं. आमचा रवी आणि वाल्मिक सारखेच दिसतात. मी पूजाला सांगितलं, रवीचा फोटो दीडपट कर. केशरबाईनं बघितल्यावर तिला घाम फुटला पाहिजे, वाल्मिकनं कुस्तीच सोडून दिली पाहिजे. पूजा नाही म्हणाली. असं करत नाहीत म्हणाली. मी वाद घातला नाही. चार्जरवर जाऊन बसले. दोन तासांनी लॅपटॉप मान टाकायला लागला, तेव्हा तिनं एक ओळ लिहिली. एकच ओळ. रवी असेल तर दीडपट.

एवढी सोपी गोष्ट आणि पोरींना चार वर्षं कॉलेज लागतं.

तिनं बजावलं, आठवड्यात काढून टाकीन. मी म्हटलं, काढून बघ, चार्जर हौदात जाईल. ही धमकी नव्हे, माहिती.

३० मार्च, पाडवा.

बेलापूरच्या कुणा अजिनाथचा फोटो आला. पूजा म्हणाली, केवढा जड फोटो पाठवलाय, उतरता उतरत नाही. माझ्या फोनवर बघितलं. कोपऱ्यात एवढंसं पोरगं, बोटाच्या पेरात मावेल. शेजारी आमचा रवी, डोंगर.

कोंबडा कापला. आमचा नव्हे. मेथीत सापडला होता. रश्शाला चव आली, मीठ थोडंच घातलं.

२ एप्रिल, बुधवार.

सहादेवआबानं जोड्या लावल्या. मी मुद्दाम त्याच्या ओट्यावर गेले होते, देखरेखीला. आबानं मांडीवर फोन ठेवला आणि काचेवर बोटं लावून मापं घेतली. मनगट चाचपणारा माणूस, त्याला मोजल्याशिवाय चैन पडेना. वाल्मिक अडीच बोटं. अमका अडीच बोटं. जोड. असं करत रवीपाशी आला. रवी पावणेचार बोटं. त्याच्या जोडीला कुणी बसेना. मग त्यानं यादीच्या तळातला अजिनाथ बघितला. फोटो लहान दिसत होता, पण आबाला दोन बोटांनी फोटो फाकवून मोठा करता येतो, नातसुनेनं शिकवलंय. फाकवला. चार बोटं भरली. म्हणाला, जोड.

मी म्हटलं, आबा, फाकवून कसं चालेल, ते पोरगं बारकं आहे. आबा म्हणाला, बाई, चाळीस वर्षं ह्या बोटानं चूक केली नाही. वाल्मिक सुटला याचं वाईट वाटलं, पण म्हटलं, रवीला सोपी कुस्ती मिळाली, इनामही मोठं.

पत्रिका छापायला गेल्या. रवी-अजिनाथ, शेवटून दुसरी कुस्ती.

५ एप्रिल, शनिवार.

घरात युद्ध. पूजानं पत्रिका वाचली आणि कपाळाला हात लावला. मला लॅपटॉप दाखवला. त्यात अजिनाथची उंची ठरल्याएवढीच, पण खांदे रवीपेक्षा रुंद, आणि तेही रवी दीडपट असताना. ती म्हणाली, तुझ्या फोनमधला आणि आबांच्या फोनमधला ब्राऊझर जुना आहे. तो थांबत नाही, जड फोटो पुरता उतरायच्या आधीच माप घेतो आणि तेवढ्याच चौकटीत माणूस कोंबतो. अजिनाथ खरा मोठा आहे आणि रवी खोटा मोठा आहे.

मी म्हटलं, लॅपटॉप तुझा, तो तुझ्याच बाजूनं बोलणार. माझा फोन सात वर्षं माझ्याकडं आहे, एकदा खोटं बोलला नाही. तिनं रवीची ती ओळ काढून टाकली. मी चार्जर हौदात टाकला. माहिती दिली होती.

ती रडत कमिटीकडं गेली. तिथं सांगितलं गेलं की पत्रिका वाटून झाल्या, तरी आबा मैदानात बघून घेतील, नसेल पटत तर जोड मोडतील. ती परत आली तेव्हा जरा सावरली होती.

रवी जोर मारत होता. थांबला आणि म्हणाला, "आजी, मला वाल्मिकशीच लढायचं हुतं. वरीसभर त्याच्यासाठीच ढाक घोटलीय."

मी म्हटलं, ढाकेचा डाव कुणावरही चालतो. तो पुन्हा जोर मारायला लागला. पोरगं समजूतदार आहे.

१० एप्रिल, गुरुवार.

नळावर केशरबाई. म्हणाली, तुमच्या रवीनं वाल्मिकला टाळलं, भ्यायला. मी हंडा उचलला. भरलेला होता, तिला स्वच्छ केलं. मग सगळ्या बायांसमोर सांगितलं, बेलापूरचा गडी आमच्या रवीनं दोन मिनिटांत चीत केला नाही तर मी नळावर येणं सोडीन.

बीपी एकशे नव्वद. डॉक्टरचं यंत्र जुनं आहे.

१२ एप्रिल, शनिवार.

पालखी, नवसाच्या गुळाच्या शेरण्या, ढोल. उद्या हंगामा. संकल्प पक्का केला: मैदानात एक शब्द बोलायचा नाही. बायांच्या बाजूला बसायचं, टाळी वाजवायची. पूजा सकाळपासून मला चिकटून बसलीय. आबांना जोड मोडू दे, तू गप्प राहा, असं तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मी तिन्ही वेळा मनापासून बोलले.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी सहा. नगरचं हॉस्पिटल.

नीट क्रमानं सांगते.

लाल माती, चारी बाजूंनी माणूस. पहिल्या कुस्त्या झाल्या. एकाचं नाक फुटलं, एक जण काठावरच्या पाहुण्यावर जाऊन आपटला, पाहुण्याचा फेटा मातीत रुतला. वाल्मिकनं कुणालातरी धोबीपछाड मारली, केशरबाई उठून नाचली. मी टाळी वाजवली. इथवर संकल्प शाबूत.

मग आमचं नाव पुकारलं. रवी उतरला. समोरून अजिनाथ आला.

तो उतरताना माणसं बाजूला झाली, तशी उसाच्या ट्रॉलीला होतात. त्याची मांडी आमच्या रवीच्या छातीएवढी. हा तो कोपऱ्यातला, पेरात मावणारा. मी फोन काढून बघितला. फोनमध्ये अजून तेवढाच होता.

सगळं मैदान हसायला लागलं. सहादेवआबा काठी टेकत आत आला. दोघांना शेजारी उभं केलं. मनगटं चाचपली. खूप वेळ चाचपली. मग माईकवर म्हणाला, "मंडळी, ही जोड माज्या बोटाची चूक हाय. ही मोडतो. पोराला वाल्मिकसंगं धरू."

रवीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. एवढंसंच.

आणि तिकडून केशरबाई म्हणाली, आमचा वाल्मिक आताच लढलाय, पण तुमच्या भित्र्या पोरासाठी उतरवते परत.

पूजानं माझ्या तोंडावर हात ठेवला. मी चावले. आणि मी म्हटलं, उभं राहून म्हटलं, "लागू द्या. आमचा रवी मागं सरत न्हाई."

रवीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. आबानं मला सोडून त्यालाच विचारलं, धरणार का. त्यानं खाली वाकून माती घेतली.

मी पदर सावरला, तेवढ्यात संपलं होतं. अजिनाथनं त्याला खांद्यावर घेतलं, साखरेचं पोतं घेतात तसं, आणि टाकला. पापड मोडल्याचा आवाज आला. रवी ओरडला नाही.

मग मी मैदानात होते. कशी गेले ते आठवत नाही. हातात चप्पल होती. पहिली आबाच्या फेट्यावर बसली. दुसरी पंचाच्या शिट्टीवर. मग अजिनाथला मारायला लागले. माझा हात त्याच्या गुडघ्यापर्यंत पोचत होता, म्हणून गुडघ्यालाच मारलं. पंधरा-वीस तरी. त्यानं हात जोडले. म्हणाला, "आज्जे, चुकलं माजं, मला वाटलं त्यो पेलंल." मी थांबले नाही. मग त्यानं मला उचललं, एका हातानं, आणि मैदानाबाहेर नेऊन सावलीत ठेवलं. माणसं शिट्ट्या वाजवत होती.

तो घाबरला होता हे उघड आहे.

१४ एप्रिल, सोमवार.

गळ्याजवळचं हाड मोडलंय, खांदा निखळलाय. सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने माती नाही. पुढच्या हंगामात बघू, तेही नक्की नाही.

मी रवीला सांगितलं, त्या ब्राऊझरचा दोष. पूजालाही तेच सांगितलं. आबाच्या बोटाचा पण आहे. आणि केशरबाई बोलली नसती तर. रवी छताकडं बघत होता. पूजाच्या हातावर माझ्या दातांची खूण आहे, ती झाकून बसली होती.

दुपारी अजिनाथ आला. केळी घेऊन. दारातून वाकून आत यावं लागलं त्याला. रवीच्या पायाशी तासभर बसला. दोघं काहीतरी बोलत होते, ढाक कुठं चुकली ते. मी आत गेले की गप्प झाले.

मग वाल्मिकही आला. मी बाहेर बसले. बाकड्यावर.

१७ एप्रिल, गुरुवार.

रवी घरी आलाय. बोलतो. पाणी दे म्हणतो, उशी सरकव म्हणतो. बाकी नाही.

आज त्यानं पूजाला सांगितलं, साइटवरचा माझा फोटो काढ. तिनं काढला. मग म्हणाला, त्या जागी आजीचा लाव, मैदानातला. कुणीतरी काढला होता म्हणे.

मला बरं वाटलं. म्हटलं, पोराचा राग गेला. चार पिढ्यांत मैदानात उतरलेली मी पहिली बाई, फोटो लागायलाच हवा. पूजाला म्हटलं, लाव, आणि दीडपट कर, दुप्पट केलास तरी चालेल. चार्जर मी नवीन आणून देते.

ती म्हणाली, "न्हाई आजी. रवी म्हणलाय, जावास्क्रिप्ट लावू नको. हाय तशी दिसू दे."

तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. लाल माती, हजार माणसं, मधे अजिनाथ. त्याच्या काखेत एक गाठोडं, निळ्या लुगड्याचं. गाठोड्यातनं दोन काटकुळे पाय बाहेर आलेले, एका पायात चप्पल नाही. मी विचारलं, मी कुठं आहे यात. पूजानं त्या गाठोड्यावर बोट ठेवलं.

मग मी माझा फोन आणला. सुनेचा आणला. शेजारणीकडनं आयफोन मागून आणला. ग्रामपंचायतीत जाऊन तिथल्या कम्प्युटरवरही बघून आले.

सगळीकडं तेवढीच.